'नो एरर'ला हात लावायचा नाही

सानिकाला मी सहा महिने इंग्रजी शिकवलं आणि तिचे मार्क कमी झाले.

आधी तीसपैकी चौदा पडायचे. माझ्या हाताखाली आल्यावर तेरा, मग बारा, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना अकरा. सानिका म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, मुलगी. वय एकोणतीस. निपाणीत एका सरकारी कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटरपुढे बसते. कायम होण्याची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि ही तिसरी शेवटची, कारण पुढच्या वर्षी वय आडवं येणार. गणितात ती वाघीण, कन्नडात कुणाला ऐकणार नाही, पण इंग्रजीच्या पेपरात वेगळे पंधरा पडावे लागतात. ते पडले नाहीत तर बाकीचे मार्क कुणी उघडूनही बघत नाही. गेल्या खेपेला तिला चौदा पडले होते. एका मार्काने गेली म्हणून आक्काने तिला माझ्याकडे धाडली.

आमच्या घराण्यात इंग्रजी येणारा माणूस मी, अशी सर्वांची समजूत आहे. ती मीच पसरवली. त्याला आमच्या भागाचाही थोडा हातभार लागला. कचेरीत अर्ज मराठीत दिला तर घेणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं, आणि कन्नडात लिहायला आमच्या गल्लीत कुणाचा हात वळायचा नाही. मग दोघांच्या मधे इंग्रजी. दोन्ही बाजूंना सारखीच परकी, म्हणून कुणाचा मान जायचा नाही. गल्लीतले रेशनकार्डाचे, नळाचे, लायटीचे सगळे अर्ज मी अकरावीपासून लिहीत आलो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' असं लिहिलं की पुढे काय लिहितोय याला महत्त्व राहत नाही, हे मला लवकर कळलं होतं. नळ यायचा तेव्हाच यायचा, पण नाव माझं व्हायचं.

तर त्या रविवारी मी बेळगावहून निपाणीला गेलो. आक्का अजून आमच्या आईच्याच घरात राहते. पुढच्या सोप्यात आता फरशी आली, पत्रा जाऊन स्लॅब पडला, पण दाराची चौकट जुनीच. तिच्यातून वाकून आत गेलो तर सानिकाने जमिनीवर आठ पेपर ओळीने मांडून ठेवले होते, पापड वाळत घालावेत तसे. प्रत्येकावर लाल गोल. शेजारी वहीत तिने रकाने आखले होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. गणितातल्या पोरीने रकाने आखले की कुणाचा तरी हिशेब लागणार असतो.

"मामा, एक विचारू?"

"विचार की."

"हे चुका ओळखायचे प्रश्न. दर पेपरात पाच-सहा प्रश्नांचं उत्तर 'नो एरर' आहे. आठ पेपरात मिळून पंचेचाळीस. आपण त्यातले किती मारले?"

ज्यांनी असली परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक इंग्रजी वाक्य घेतात, त्याचे चार तुकडे करतात, मटण तोडल्यासारखे. अ, ब, क, ड. चूक कुठल्या तुकड्यात आहे ते ओळखायचं. आणि वाक्यात चूक नसेलच तर पाचवा पर्याय, 'नो एरर'. बस्स. ज्याने हा पाचवा पर्याय काढला त्याने माणसाच्या जिवाला घोर लावायचाच विचार केला असणार.

"किती मारले?" मी म्हटलं.

"एकपण नाही. तुम्हीच सांगितलं होतं, नो एररला हात लावायचा नाही."

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, मांडी घालून, बोट वर करून सांगितलं होतं. नो एरर हा सापळा असतो. परीक्षा घेणारा काय येडा आहे, बरोबर वाक्य छापायला? कागद कशाला वाया घालवेल तो? चूक असतेच. दिसत नसेल तर आपली नजर कमी पडली. सानिकाने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून चौकट केली होती. चौकट अजून तिथेच होती.

"ते सहा बरोबर आले असते तर अकराचे सतरा होतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी अर्थातच भांडलो. पेपर उचलला आणि म्हटलं, दाखव कुठलं वाक्य बरोबर आहे ते. तिने दाखवलं. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वॉज गुड.' आंब्यांचा दर्जा चांगला होता. मी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. आंबे अनेक आणि 'वॉज' एक, असं म्हटलं. ती म्हणाली, दर्जा एकच आहे ना मामा. मग 'गुड'च्या आधी 'व्हेरी' हवं असं म्हटलं. का हवं, तिने विचारलं. आंबे आहेत, म्हटलं, नुसतं गुड कसं म्हणायचं. शेवटी काही सुचेना तेव्हा मी 'द'वर बोट ठेवलं. कुणावर आळ घ्यायला सापडलं नाही की मी नेहमी 'द'वर घेतो. गरीब शब्द आहे, उलट बोलत नाही.

सानिकाने पेपर माझ्या हातातून काढून घेतला. मग हळूच म्हणाली, "मामा, माझा हा शेवटचा चान्स आहे."

आक्का आतून शेंगांचं सूप घेऊन आली आणि भिंतीला टेकून फोडायला बसली. ती बसली ती जागा मला ठाऊक होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्याच भिंतीला टेकून आई बसायची, मांडीवर असंच सूप, आणि सुपात जर्दा.

आमची आई बिड्या वळायची. गल्लीतल्या सगळ्या बायका वळायच्या. दुपारची जेवणं उरकली की एकेक जण आपापलं सूप घेऊन आमच्या सोप्यात यायची, कारण आमच्या सोप्याला उजेड चांगला होता. रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवलेली पानं सोडली की एक ओला, कडवट, जंगलाचा वास सुटायचा. त्यावर तंबाखूचा खकाणा. माघ-फाल्गुनात वखारी उघडल्या की अख्ख्या निपाणीवर तो खकाणा असायचा, उन्हात सोनेरी दिसायचा. आम्हाला काही व्हायचं नाही. गावात पाहुणा कोण आलाय ते शिंकेवरून कळायचं.

सहा कात्र्या एकदम चालायच्या. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्याच्या मापाने पान कापायचं, चिमूटभर जर्दा, एक वळसा, दुसरा वळसा, नखाने तोंड दुमडायचं, दोरा. आईचे हात ते करायचे आणि आई दुसरंच काहीतरी बोलत असायची. हात वेगळे आणि बाई वेगळी. श्रावणात पानं मऊ पडायची, वळायला सोपी, पण वळलेल्या बिड्यांना बुरशी यायची म्हणून चुलीच्या मागे पसरून ठेवायच्या. चैतात उलटं. पान हातात धरलं की पापडासारखं मोडायचं, बायका दर थोड्या वेळाने फडक्यावर पाणी शिंपडायच्या, आणि शिंपडता शिंपडता एकमेकींच्याही अंगावर. आमच्या घरात भाताला, अंथरुणाला, माझ्या दप्तराला एकच वास होता. शाळेत माझी वही चुकून कुणाकडे गेली तर पोरं नाव न वाचता माझ्याकडे आणून द्यायची.

त्या बायकांना मी इंग्रजी वाचून दाखवायचो. हे मुद्दाम ठरवून झालं नव्हतं. बारावीनंतर मी असल्याच एका परीक्षेच्या नादाला लागलो होतो आणि कुठून तरी तुकडे पडलेलं, पुठ्ठा नसलेलं एक गाईड मिळवलं होतं. अभ्यास मोठ्याने करायची सवय. आधी बायका वैतागल्या, मग त्यांना ते आवडू लागलं. रेडिओपेक्षा बरं, म्हणायच्या, मधे जाहिराती न्हाईत.

एकदा वाक्य आलं, 'नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' आमच्या शेजारी पद्दक्का राहायची, जैनाची, घरात कन्नड बोलणारी, मराठी बोलायची ती पण कन्नडाच्या चालीवर. तिने विचारलं, काय म्हणतंय ते?

"मी स्टेशनवर पोचलो नि तेवढ्यात गाडी सुटली, असं म्हणतोय."

"आमच्या निपाणीला रेल्वेच न्हाई. गाडी चुकनार कशी?"

"तसं न्हाई पद्दक्का, ह्यात चूक कुठं हाय ते हुडकायचं."

"त्यात काय हुडकायचं? मानसाचीच चूक. येळंवर घरातनं निघायचं."

सगळ्या हसल्या, आणि कात्र्या क्षणभर थांबल्या. मी चिडून पुढचा प्रश्न वाचला. त्या गाईडात सगळी माणसं अशीच होती, गाडी चुकणारी, वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलापेक्षा उंच असणारी, डॉक्टर येण्याआधी मरणारी. "ह्या पुस्तकातला डाक्टर कधी येळंवर येतोय का न्हाई?" आई विचारायची. पद्दक्का म्हणायची, "साकु रं बाबा, पुरे. आज दोन जण मेलं."

आक्का या गप्पांत नसायची. ती सातवीनंतर शाळा सोडून आईच्या जोडीला बसली होती आणि खाली मान घालून वळायची. तिच्या बिड्या आईपेक्षा सरळ. मी वाचत असताना कधी तरी मान न उचलता ती म्हणायची, "हे वाक्य बरं हाय." कळायचं काही नाही तिला. नुसतं कानाला बरं वाटायचं. मी म्हणायचो, आक्का, तुला काय कळतंय त्यातलं, यात कुठंतरी चूक असणारच. आणि मी ती काढायचोच. नसलेली सुद्धा.

ही खोड मला लागली ती कारखान्याच्या दारात. बायकांनी वळलेल्या बिड्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून टोपलीतून कारखान्यात द्यायच्या. तिथे एक चेकर बसायचा. जुडी हातात घ्यायचा, अंगठा फिरवायचा, आणि त्यातल्या तीन-चार उपसून बाजूला टाकायचा. ती छाट. छाट म्हणजे नापास बिडी. मी आईबरोबर टोपली धरायला जायचो आणि बघायचो. जुडी कितीही देखणी असू दे, तो छाट काढायचाच. एक जुडी अशी जायची नाही. एकदा मी परतताना आईला विचारलं, तुझ्या बिड्या एवढ्या चांगल्या असताना तो का काढतो गं? आई म्हणाली, "कितीबी निगुतीनं वळ, छाट काढल्याबिगर चेकर जुडी घेत न्हाई. त्येचं कामच हाय त्ये."

ते वाक्य मी घेऊन बसलो. माणसं आईबापाकडून जमीन घेतात, घर घेतात, मी हे घेतलं. तपासणारा बसलाय म्हणजे चूक असणार. तपासणाऱ्याला चूक मिळाली नाही तर तो कशाला बसलाय?

ऑफिसात माझ्या टेबलावरून एकही पत्र लाल शाईशिवाय पुढे गेलेलं नाही. आमचा मंजुनाथ म्हणून हाताखालचा क्लार्क होता, हुशार पोरगा. तो पत्रात मुद्दाम एक पूर्णविराम गाळायचा. मी तो शोधायचो, समाधानाने लाल गोल करायचो, आणि बाकीचं पत्र न वाचता सही करायचो. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्याच्या निरोपसमारंभाच्या भाषणात. शहापुरात बायकोसाठी साडी घ्यायला गेलो होतो तेव्हाही तसंच. दोन्ही काठ, पदर, उलटी बाजू, सगळं उजेडात धरून अर्धा तास बघितलं. विणकर म्हातारा माणूस. शेवटी म्हणाला, "साहेब, घ्यायची नसंल तर तसं सांगा. तिला कशाला नावं ठेवता?" बायकोने तीच साडी घेतली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं मी त्या रविवारी सानिकाला सांगितलं. म्हणजे मंजुनाथचं आणि साडीचं नाही, चेकरचं. मला वाटलं, माझ्या शिकवण्यामागे केवढी परंपरा आहे हे तिला कळेल. "तुझी आजी बिड्या वळायची ना," मी म्हटलं, "तिची एक जुडी कधी छाटीशिवाय गेली नाही. तिच्या हातच्या बिड्या. मग हे परीक्षावाले आंब्यांचं वाक्य तसंच सोडतील होय?"

आक्काने शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"आईच्या बिड्यांत छाट निघायची न्हाई," ती म्हणाली.

"मी स्वतः बघितलंय आक्का."

"तू काय बघितलंस? छाट निघायची ती तू वळलेली."

सांगायचं राहिलं. मीही वळायचो. शाळेतून आलो की आईजवळ बसून, एका हातात पुस्तक, घडीभर वाचायचं, घडीभर वळायचं. मला वाटायचं मला छान जमतं.

"ह्येच्या बिड्या म्हंजे," आक्का सानिकाकडे बघून सांगू लागली, जणू मी तिथे नव्हतोच, "पोट मोठं नि तोंड सदा उघडं. त्याच्यासारखीच. आई त्या सगळ्या एका जुडीत घालायची न्हाई. घातल्या असत्या तर अख्खी जुडी परत आली असती. मग ती दर जुडीत तीन-चार, तीन-चार अशा घालायची. पसरून. चेकरला सगळं म्हायती होतं. तो त्येवढ्याच उपसायचा, आईकडं बघायचा नि हसायचा. तेवढ्या पुन्यांदा आम्हीच वळायचो."

 शेजारच्या कुठल्या तरी घरातला कुकर वाजला.

"मग आई का म्हनली, चेकर काढतोच म्हनून?"

"तू रडायच्या बेतात होतास रस्त्यात. काय सांगायचं होतं तिनं?"

"आणि मला वळायला का बसवायची, येत नव्हतं तर?"

"वळायला न्हवं बसवत. जवळ बसवायची," आक्का म्हणाली, आणि टरफलं गोळा करून उठली.

माणसाचं वय बावन्न असताना त्याच्या आयुष्याच्या तत्त्वज्ञानाचा पाया तीन-चार वाकड्या बिड्यांचा निघावा, यासारखा वैताग नाही. एस.टी.ने परत येताना मी खिडकीशी बसलो आणि हिशेब करत राहिलो. मीही तसली परीक्षा दोनदा दिली होती, बेळगावला येऊन. दोनदा इंग्रजीत थोडक्यात गेलो. नंतर नोकरी लागली ती ज्या परीक्षेत इंग्रजीचा निबंध होता, तुकडे नव्हते, तिच्यातून. त्या दोन पेपरांत मी 'नो एरर' एकदाही मारला नव्हता, हे मला लख्ख आठवत होतं, कारण त्याचा मला अभिमान होता. दर पेपरात पाच-सहा. म्हणजे पास होतो की मी. तीस वर्षं पास होतो आणि मला माहीत नव्हतं. संकेश्वर येईपर्यंत मी परीक्षा घेणाऱ्यांवर चिडलो होतो, हत्तरगीच्या पुढे स्वतःवर, आणि बेळगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा मला आईची बोटं दिसत होती. तपकिरी पडलेली, नखाशी चिरलेली. माझी एक बिडी उचलून, तिला बघून, काही न बोलता चांगल्या बिड्यांच्या मधे सरकवणारी. सगळ्या चांगल्या बिड्यांनी मिळून तिला आधार द्यावा तशी.

पुढचे तीन आठवडे मी शिकवलं नाही. म्हणजे मला शिकवू दिलं नाही. मी रविवारीच नव्हे, शनिवारीही जायचो, पण सानिकाने अट घातली होती, मामा, तुम्ही बसा, बोलायचं नाही. तिने वहीच्या पहिल्या पानावरची चौकट खोडली नाही, पान फाडून टाकलं. ती मोठ्याने वाक्य वाचायची, थांबायची, चार तुकडे बोटाने दाबून बघायची, आणि कुठे काही लागलं नाही की 'नो एरर' म्हणून पुढे जायची. सगळं हलक्या हाताने. मी भिंतीला टेकून तोंडात शेंगदाणे भरून बसायचो, नाहीतर बोललो असतो. तरी हुंकार जायचा. "मामा," ती न बघता म्हणायची.

ते ऐकताना मला पहिल्यांदा कळायला लागलं की धड वाक्य किती गप्प असतं. ते काही मागत नाही. 'द चिल्ड्रन वेअर प्लेइंग इन द गार्डन.' पोरं बागेत खेळत होती. मी तीस वर्षं असल्या वाक्यांच्या मागे काठी घेऊन धावलो होतो आणि ती पोरं बिचारी नुसती खेळत होती. संध्याकाळचा उजेड सोप्यात यायचा, पूर्वी यायचा तसाच तिरका, पण त्यात आता खकाणा नाही. गल्लीत बिड्या वळणाऱ्या दोन म्हाताऱ्या उरल्यात, त्याही आपापल्या घरात, टीव्हीसमोर. पद्दक्काचं घर विकलं गेलं, तिथे मोबाइलचं दुकान आलं. सहा कात्र्यांचा आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. आठवायला गेलं की एकाच कात्रीचा आठवतो. आक्काची पाठ आता सरळ होत नाही. ती बसून बसून तशीच वाकडी राहिली. सानिकाची पाठ सरळ आहे, आणि ती सरळ राहावी म्हणून आक्काची धडपड चाललीय हे सोप्यात बसलेल्या कुणालाही दिसावं.

मधेच आक्का म्हणायची, "हे बरं वाटलं ऐकायला." आणि सानिका उत्तर बघून म्हणायची, "बरोबर आहे आई, नो एरर." दोघी हसायच्या. मी दाणे चावायचो.

परीक्षेचं केंद्र बेळगावला पडलं, सांबऱ्याच्या रस्त्याला, विमानतळाच्या अलीकडे कुठल्याशा कॉलेजात. मायलेकी आदल्या दिवशी अनगोळला आमच्याकडे येऊन राहिल्या. सकाळी मी सानिकाला स्कूटरवर घेऊन निघालो. सगळ्या वाटेत मी एकच काम केलं, तोंड मिटून ठेवलं. गेटवर पोरापोरींची रांग, बहुतेक बावीस-तेवीसची. त्यांत सानिका थोडी थोराड दिसत होती, शिक्षिका वाटावी अशी. आत जाताना तिने मागे वळून बघितलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणणार होतो देव जाणे, बहुधा 'द'बद्दलच. मी हात वर केला फक्त.

दोन तास चिंचेखाली उभा राहिलो. शेजारी एक मुतग्याचा शेतकरी होता, मुलाला घेऊन आलेला. त्याने विचारलं, तुमचं कोण आत हाय? भाची, म्हटलं. तुम्हीच शिकवलासा काय? मी म्हटलं, न्हाई, आक्कानं. एक विमान एवढं खालून गेलं की चिंचेची पानं हलली, आणि आत त्या पोरांना वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं असणार म्हणून मी त्या विमानावरही चिडलो.

सानिका बाहेर आली. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं नाही. स्टँडपर्यंत विचारलं नाही. तिथे ती उतरली, आक्का अनगोळहून रिक्षाने येऊन थांबलीच होती, दोघी गाडीत बसल्या. खिडकीतून सानिका म्हणाली, "मामा, सात ठिकाणी मारलं."

सात.  पाच-सहा असतात. सातवं कुठलं? गाडी हलली होती.

पुढचा दीड महिना मी त्या सातव्या वाक्यावर काढला. ऑफिसात, आंघोळीत, जेवताना. बायको म्हणाली, "परीक्षा तुमची आहे का तिची?" एकदा मी फोन करून सानिकाला विचारलंच, ते सातवं काय होतं गं? ती म्हणाली, "आठवत नाही मामा." खरंच आठवत नव्हतं तिला. बरोबर वाक्य होतं, लक्षात कशाला राहील?

निकाल एका मंगळवारी लागला. सानिकाने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "या घरी." मी अर्धी रजा टाकली, वाटेत पेढे घेतले, आणि न सांगितलेल्या निकालाला पेढे घेऊन चाललोय म्हणून सगळ्या वाटेत स्वतःला शिव्या दिल्या. चौकटीतून वाकून आत गेलो. आक्का चहा टाकत होती. पदराने डोळे पुसत होती, पण चुलीचा धूर आता त्या घरात नाही, गॅस आहे. सानिकाने फोन माझ्या हातात दिला. इंग्रजी, तीसपैकी बावीस. खाली हिरव्या अक्षरात निवड झाल्याचं लिहिलेलं.

 पुड्याचा दोरा सुटेना. सानिकाने तो सोडला, एक पेढा आईला दिला, एक मला. मी पेढा तोंडात घातला आणि फोन पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"बावीस," मी म्हटलं. "मग आठ कुठं गेले?"

आक्काने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

"पोरगी पास झाली रं," ती म्हणाली. "तू ऱ्हायलास."